‘अप द आयर्न्स’ म्हणणाऱ्याने घातलेली टोपी

१ फेब्रुवारी २००८ ला वांद्रे-कुर्ला संकुलात आयर्न मेडन हा ब्रिटिश हेवी मेटल बँड वाजला, तेव्हा मी चोविशीत होतो. सगळा बँड आणि सामानसुमान एकाच बोइंग ७५७ मध्ये, विमान चालवायला खुद्द गायक ब्रूस डिकिन्सन, आणि त्या जागतिक टूरचा पहिलाच शो मुंबईत! धूळ, मिठीचा वास आणि तीन दिवस बसलेला घसा घेऊन पुण्याला परतलो. सतरा वर्षांनी माझे पैसे गेले ते याच आठवणीच्या जिवावर, म्हणून ती आधी सांगितली.

बँडच्या पन्नाशीची ‘रन फॉर युवर लाइव्ह्ज’ टूर २७ मे २०२५ ला बुडापेस्टला सुरू होणार होती आणि शनिवारी, २८ जूनला लंडन स्टेडियम. बँडचा संस्थापक, बेसिस्ट स्टीव्ह हॅरिस ईस्ट लंडनचा, तिथल्या वेस्ट हॅम फुटबॉल क्लबचा कट्टर, आणि मैदान वेस्ट हॅमचंच. गाणी फक्त पहिल्या नऊ अल्बममधली, म्हणजे १९८० ते १९९२. आमच्या पिढीला आणखी काय हवं? मामेभाऊ लंडनमध्येच, हॅरोला असतो. त्याच्याकडे जायचं कधीचं चाललं होतं. विमानाचं तिकीट आधी काढलं, शोचं नंतर बघू म्हटलं. पहिली माती तिथेच खाल्ली.

उभं राहून बघायची तिकिटं अधिकृत ॲपवर दिसेनात. मग फॅन लोकांच्या एका ग्रुपवर एक गृहस्थ भेटले. पाठीचं ऑपरेशन झालंय, तासन्‌तास उभं राहवणार नाही, दोन तिकिटं आहेत, घेतली त्याच भावात देतो. प्रत्येक मेसेजच्या शेवटी ‘अप द आयर्न्स’. हा मेडनवाल्यांचा रामराम. वेस्ट हॅमवाल्यांचाही.

मी मुंबईच्या शोचा विषय काढला, तर गडी ‘एड फोर्स वन’बद्दल, म्हणजे बँडच्या त्या विमानाबद्दल, भरभरून बोलला. बँडने २०१७ च्या ब्रिटन टूरमध्ये तिकिटांचा काळाबाजार मोडायला पेपरलेस तिकिटं कशी आणली, ओळखपत्र दाखवून लोकांना आत कसं सोडलं, हेही त्यानेच मला ऐकवलं. काळाबाजारवाल्यांना शिव्या घातल्या. मी माना डोलावल्या. यातलं सगळं कुणालाही पाच मिनिटांत शोधून सापडतं, हे तेव्हा डोक्यात आलं नाही. मेटल ऐकणारा माणूस म्हणजे आपला माणूस, असं एक खुळ आम्हा लोकांत असतं. काळा टी-शर्ट घातलेला अनोळखी इसम गर्दीत पडलेल्याला हात देऊन उभं करतो, हे इतक्यांदा पाहिलेलं असतं की तोच इसम खिसाही कापेल असं वाटत नाही.

न मागता त्याने ड्रायव्हिंग लायसन्सचा फोटो पाठवला. आता कळतं, न मागता ओळखपत्र पाठवणाऱ्यापासूनच लांब राहावं. ते बहुतेक आधीच्या कुठल्या तरी बकऱ्याचं असतं.

रक्कम २३० पौंड. भावाच्या तिथल्या खात्यातून द्यायची ठरली, मी त्याला इकडे रुपये देणार. पुण्यात रात्रीचे साडेबारा वाजले होते. भावाचा फोन आला.

“दादा, बँकेचं ॲप म्हणतंय, खातेदाराचं नाव जुळत नाही.”

“अरे, बायकोचं खातं आहे त्याचं. सांगितलंय त्याने मला.”

“लाल अक्षरात आलंय रे.”

“टाक तू. दुसरा कुणी घेऊन जाईल.”

टाकले त्याने. माझ्या शब्दाखातर. पैशांपेक्षा हे जास्त लागलं.

पुढे बारकोड का दिसत नाही म्हणून विचारलं, तर उत्तर आलं की शोच्या एक-दोन दिवस आधी उघडतो. हे अर्धं खरं असतं, म्हणूनच खपतं. बऱ्याच डिजिटल तिकिटांचा बारकोड खरंच उशिरा दिसायला लागतो. पण खरं तिकीट त्याआधीही ॲपमधून आपल्या नावावर वळवून देता येतं का, हे मी विचारलंच नाही. २६ तारखेला दोन स्क्रीनशॉट आले. खाली ‘अप द आयर्न्स’.

शनिवारी लंडनला मुंबईसारखं उकडत होतं. स्ट्रॅटफर्ड स्टेशनपासून गेटपर्यंत नुसते काळे टी-शर्ट. माझा नंबर आला. बाईंनी मशीन फोनवर धरलं. लाल दिवा. काच पुसून पुन्हा धरलं, पुन्हा लाल. मग त्यांनी फोन माझ्याकडे वळवला आणि म्हणाल्या, हा फोटो आहे, तिकीट नाही. खऱ्या तिकिटाचा बारकोड स्क्रीनवर सारखा बदलत असतो. माझा गणपतीच्या कॅलेंडरसारखा स्थिर.

चौकशीच्या खिडकीपाशी लीड्सहून आलेला एक बाप आणि त्याची पंधरा-सोळा वर्षांची पोरगी उभे होते. बोलता बोलता त्याने लायसन्सचा फोटो दाखवला. तोच चेहरा. मी माझा फोन त्याच्या फोनशेजारी धरला. पोरगी आधी हसली, मग रडायलाच लागली. आम्ही चौघं पलीकडच्या पुलावर जाऊन उभे राहिलो. मेडनच्या आधी स्पीकरवर यूएफओचं एक जुनं गाणं नेहमी लागतं, ते लागलं की समजायचं, आता आले. ते ऐकू आलं आणि आत हजारोंचा एकच आरडाओरडा. भाऊ म्हणाला, “दादा, चल, काहीतरी खाऊ.” त्याला मेटलमधलं ओ की ठो कळत नाही.

पैशाचं सांगतो. ब्रिटनमध्ये ७ ऑक्टोबर २०२४ पासून नियम आहे: एका तिथल्या खात्यातून दुसऱ्या तिथल्या खात्यात असे फसवून पैसे वळवून घेतले, तर ते बँकांनी भरून द्यायचे. पण पहिले १०० पौंडांपर्यंत बँक कापू शकते, आणि इशारे धाब्यावर बसवून अगदीच बेफिकिरी केली असेल तर नाहीही म्हणू शकते. त्या लाल अक्षरांमुळे आमची धाकधूक होती. भावाने त्याच रात्री तक्रार केली, सगळे मेसेज जोडले. १३० परत आले, बाकीचे मी त्याला दिले. त्याने तेच पैसे मोबाइल ॲपच्या पेमेंटने ‘मित्राला’ म्हणून पाठवले असते, तर त्यात खरेदीदाराला संरक्षण नसतं. आणि असाच प्रकार इथे यूपीआयवर झाला, तर रडत बसण्याआधी १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन लावा. पैसे पुढच्या खात्यात सरकायच्या आत अडवले जाण्याची शक्यता असते, म्हणून तास मोजून हलावं लागतं.

ग्रुपवर मी अजून आहे. कुणी तिकिटं काढली विकायला की मी एकच विचारतो: ॲपमधून माझ्या नावावर वळवतोस का, पैसे अधिकृत पुनर्विक्रीतूनच देईन. खऱ्या फॅनला यात काहीच जड नसतं, एकाने तर दोन मिनिटांत करून दाखवलं. गेल्या महिन्यात असंच दोघांना विचारलं. दोघांनीही ‘अप द आयर्न्स’ लिहिलं आणि मला ब्लॉक केलं.