पंखवालं होल्स्टर, कडक पट्टा आणि साधा शर्ट: कशावर पैसे घालावेत, काय सोडून द्यावं

परवाना घेऊन पिस्तूल अंगावर बाळगायचं ठरलं, की विक्रेते सगळ्यात आधी कपडे पुढे करतात. आठ खिशांचं जाकीट, बगलेत कप्पा शिवलेला टी-शर्ट, पोटाभोवती गुंडाळायचा इलॅस्टिकचा पट्टा. यातलं बहुतेक न घेतलेलंच बरं. पिस्तूल कपड्यावर उठतं त्यात शर्टाचा दोष कमी असतो, शर्टाखालच्या होल्स्टर (पिस्तूल ठेवायचं म्यान) आणि पट्टा यांच्या जोडीचा जास्त. ती जोडी जमली की अंगावर रोजचाच शर्ट चालतो. म्हणून इथे जास्त जागा दिली आहे ती पँटच्या आत बसणाऱ्या पंखवाल्या काइडेक्स होल्स्टरला आणि त्याला धरून ठेवणाऱ्या पट्ट्याला. परवाना, पिस्तूल कुठे नेता येतं आणि कुठे नाही, हे वाचणाऱ्याने आपल्या कायद्याप्रमाणे आधीच पाहिलं आहे असं धरून चाललो आहोत.

आधी लपवायचं काय ते बघू. नळी पँटच्या आत जाते, ती कुणाला दिसत नाही. बाहेर राहते ती मूठ, आणि तिचं खालचं मागचं टोक शर्टाला आतून ढोसतं. त्यामुळे पिस्तूल निवडताना जाडीइतकीच, खरं तर जाडीपेक्षा जास्त, उंची बघावी लागते. ग्लॉक 19 या पिस्तुलाची मॅगझिनसकट, म्हणजे मुठीत बसणाऱ्या गोळ्यांच्या पेटीसकट, उंची 128 मिलिमीटर आहे. त्याच्याहून सडपातळ म्हणून घेतात त्या ग्लॉक 43एक्सची उंचीही 128 च. म्हणजे 34 मिलिमीटरची रुंदी 28 वर आली, पोटाला आराम मिळाला, पण मुठीचं टोक होतं तिथेच राहिलं. ग्लॉक 26 मध्ये हीच उंची 106 आहे आणि सिग पी365 मध्ये साधारण 109. पातळ टी-शर्टाखाली हे दोन सेंटिमीटर फार मोठे ठरतात. उलट नळी आखूड घेऊन लपवण्यात काहीच पदरात पडत नाही. लांब नळीचं होल्स्टर पट्ट्याच्या खालीही अंगाला टेकतं आणि वरची मूठ आत ढकलायला मदत करतं. आखूड होल्स्टर मुठीच्या वजनाने बाहेर कलंडतं.

आता होल्स्टर. काइडेक्स हे तापवून आकार देता येणारं कडक प्लास्टिक. चांगल्या होल्स्टरला पत्रा साधारण 2 मिलिमीटरचा असतो, थोडा जाड असला तरी हरकत नाही. बोटाने दाबल्यावर तोंड वाकत असेल तर ते परत करावं. चामड्यापेक्षा याचा मोठा फायदा असा, की पिस्तूल काढल्यावर तोंड मिटत नाही, त्यामुळे परत घालताना मऊ कड ट्रिगर गार्डमध्ये, म्हणजे ट्रिगरभोवतीच्या कडीत, दुमडून जाण्याची भीती राहत नाही. तोटाही आहे: उन्हात बंद गाडीच्या काचेजवळ ठेवलं तर आकार बिघडू शकतो, आणि मग पिस्तूल एक तर अडकतं नाही तर खुळखुळतं.

घेताना तीन गोष्टी हाताने तपासाव्यात. पहिली, ट्रिगर गार्ड दोन्ही बाजूंनी पूर्ण झाकलेला हवा. कडेच्या फटीतून पेन्सिलीचं टोक ट्रिगरपर्यंत पोचत असेल तर पुढचं काहीच बघू नका. दुसरी, पकड. मॅगझिन काढा, चेंबर (नळीच्या मागे गोळी बसते ती जागा) डोळ्याने आणि बोटाने दोनदा तपासा, रिकामं पिस्तूल होल्स्टरमध्ये घाला, होल्स्टर उलटं धरा आणि गादीवर हलकेच झटका द्या. पिस्तूल पडता कामा नये. काढताना मात्र मनगटाने झटापट करावी लागू नये. पकडीचे स्क्रू पाव-पाव फेरा देत जुळवायचे. एकदम अर्धा फेरा दिला की रबरी वॉशर चेपतो आणि पकड नेमकी कुठे आली ते कळत नाही. तिसरी, वर येणारा घामपत्रा, म्हणजे पिस्तूल आणि पोट यांच्यामधली उंच कड. ती हवीच, पण अंगठ्याला मुठीवर पूर्ण पकड घेता आली पाहिजे.

पंख म्हणजे ट्रिगर गार्डखाली, मुठीच्या बाजूला लावलेला छोटा प्लास्टिकचा तुकडा. पट्टा बाहेरून त्याला दाबतो, तो दाब होल्स्टरला उभ्या अक्षाभोवती किंचित फिरवतो आणि मूठ पोटाकडे वळते. एवढ्याशा तुकड्याने जेवढा फरक पडतो, तेवढा दोन साइज मोठ्या शर्टानेही पडत नाही. पण पंख चालायला त्याच्या समोर पट्टा सपाट यावा लागतो. बरोबर तिथे पँटचं लूप आलं तर पट्टा त्या जागी पुढे उचलला जातो, पंखावर नीट दाब येत नाही आणि 'पंखाचा काही उपयोग नाही' अशी तक्रार सुरू होते. होल्स्टर बोटभर डावीकडे-उजवीकडे सरकवून बघावं. काही पँटींत लूपच आडवं येतं, तिथे इलाज नाही, ती पँट या कामाची नाही.

पंखाचा जोडीदार म्हणजे पाचर, होल्स्टरच्या अंगाकडच्या बाजूला वेल्क्रोने लावायचा फोमचा तुकडा. तो नळीच्या टोकाजवळ लावायचा. खालचं टोक बाहेर ढकललं गेलं की वरचं टोक, म्हणजे मूठ, आत येते. सुरुवात 12 मिलिमीटर जाडीने करावी आणि गरज पडली तरच 20 पर्यंत जावं. सर्वांत सामान्य चूक म्हणजे पाचर वर, पट्ट्याच्या रेषेत लावणं. मग अख्खं पिस्तूलच बाहेर ढकललं जातं आणि माणूस पाचरीला दोष देतो. बसल्यावर मांडीच्या सांध्यात रुतत असेल तर फोमची खालची कड कात्रीने तिरकी कापावी. होल्स्टर सोडून देण्याची गरज नसते.

क्लिप बघताना एकच प्रश्न विचारावा: तिचं नाक पट्ट्याच्या खालच्या कडेखाली पूर्ण जाऊन अडकतं का? नाक नुसतं पट्ट्याच्या मागे कापडावर टेकलं असेल तर पिस्तूल ओढल्यावर होल्स्टरही सोबत बाहेर येतं. प्लास्टिकच्या क्लिपा वाकणाऱ्या जागी पांढऱ्या पडतात. तो तुटण्याआधीचा इशारा समजून बदलून टाकाव्यात. स्प्रिंग पोलादाच्या रुंद क्लिपा टिकतात, पण पँटवर चढवताना अंगठ्याचा घाम काढतात. स्क्रू हमखास ढिले होतात. निळ्या प्रतीचा थ्रेडलॉकर (स्क्रू ढिला होऊ न देणारा गोंद) एक थेंब, तोही फक्त आट्यांवर, आणि मग दिवसभर वाळू द्यायचं. तो प्लास्टिकवर सांडू देऊ नये, काही प्लास्टिकला त्याने बारीक तडे जातात.

पट्ट्याबद्दल मात्र तडजोड नाही. रुंदी 38 मिलिमीटर, म्हणजे दीड इंच, कारण बहुतेक क्लिपा त्याच मापाच्या येतात. दोन पदरी चामडं किंवा आत कडक पट्टी घातलेलं नायलॉन, दोन्ही चालतं. भरलेलं ग्लॉक 19 सुमारे 850 ग्रॅमचं होतं. साधा फॅशनचा पट्टा हे वजन काही आठवडे पेलतो आणि मग त्या जागी बाहेर लवतो. पट्टा लवला की पंखही गेला आणि पाचरही गेली. दुकानात पट्टा दोन्ही हातांनी धरून पिळून बघावा. ओल्या फडक्यासारखा सहज पिळला गेला तर ठेवून द्यावा. मागे दातेरी पट्टी असलेला, भोकं नसलेला पट्टा आम्हांला जास्त आवडतो. साधारण 6 मिलिमीटरच्या टप्प्याने घट्ट-सैल होतो, त्यामुळे जेवणानंतर एक दाता सोडता येतो. त्याची खोड एकच: बक्कल जाड असतं. पिस्तूल पोटाजवळ ठेवणाऱ्याने बक्कल बेंबीसमोर न ठेवता विरुद्ध बाजूच्या पहिल्या लूपकडे सरकवावं. नाही तर मुठीशेजारी आणखी एक टेंगूळ उभं राहतं.

पँट कमरेला एक ते दोन इंच मोठी घ्यावी. नेहमीच्या मापात होल्स्टर घुसवलं की खिशांची तोंडं वासतात आणि चालही बदलते. लूप रुंद आणि दुहेरी शिवणीचे असावेत, आणि पँट लो-वेस्ट नसावी.

आता शर्ट, म्हणजे ज्याची सगळ्यांना सर्वांत जास्त काळजी असते. शर्ट बाहेर सोडलेला असेल तर त्याची खालची कड सरळ हवी. गोलाई दिलेला शर्ट दोन्ही बाजूंना वर चढतो, आणि पिस्तूल उजव्या कमरेवर, घड्याळाच्या तीनच्या जागी असेल, तर नेमकं तिथेच कापड अपुरं पडतं. लांबी मोजायची ती हात वर करून. फळीवरचा डबा काढल्यासारखे दोन्ही हात उंच केले तरी पट्ट्याखाली चार बोटं कापड उरलं पाहिजे. हात खाली असताना हे साधारण 12 ते 15 सेंटिमीटर होतं. त्याहून लांब असेल तर काढताना ओंजळभर कापड गोळा करावं लागतं, आणि तो झग्यासारखा लोंबणारा शर्टच लक्ष वेधून घेतो.

कापड अंगाला न चिकटणारं हवं. टी-शर्ट असेल तर 180 ते 220 जीएसएमचा (एक चौरस मीटर कापडाचं ग्रॅममधलं वजन) सुती. स्ट्रेच असलेला टी-शर्ट मुठीवर ताणून बसतो, त्याला कितीही मोठी साइज घेतली तरी सुधारणा नाही. ऑक्सफर्ड किंवा फ्लॅनेलचा शर्ट स्वतःच्या घडीने खाली पडतो, म्हणून उत्तम. पातळ पांढरा शर्ट सर्वांत वाईट: त्यात आकारही दिसतो आणि पाठीमागून उजेड आला की सावलीही. बारीक चौकडी किंवा बारीक छापील नक्षी आकार मोडते. ठळक उभे पट्टे मात्र उंचवट्यावर वाकतात आणि उंचवटा कुठे आहे ते दाखवतात. मापात एक साइज मोठी पुरे. खांदे दंडावर उतरले तर माणूस गबाळा दिसतो, आणि लोक गबाळ्या माणसाकडेही बघतातच.

शर्ट इन करायचा असेल तर होल्स्टर आणि क्लिप यांच्यामध्ये शर्टासाठी खाच असलेला प्रकार घ्यावा लागतो. जमतं, पण क्लिप पट्ट्यावर दिसते आणि शर्ट उपसून पिस्तूल काढायला वेळ लागतो. रोजच्या ऑफिससाठी लहान पिस्तूल असेल तरच याचा विचार करावा.

आठ खिशांचं जाकीट विकत घेऊ नका. उन्हाळ्यात टी-शर्टावर घातलेलं उघडं जाकीट ओळखणाऱ्याला लांबूनच कळतं. तीच गोष्ट गुडघ्यापर्यंत खिसे असलेल्या खाकी पँटींची, मिलिटरी बुटांची आणि बंदूक कंपनीचं चिन्ह असलेल्या टोपीची. एवढे कष्ट घेऊन पिस्तूल झाकायचं आणि कपाळावर जाहिरात लावायची, यात काय अर्थ! आजूबाजूचे लोक जे घालतात तेच घालावं, त्याच ऋतूचं, त्याच रंगांचं.

इलॅस्टिकचा पोटपट्टा आणि बगलेत कप्पा असलेला टी-शर्ट यांतल्या बहुतेक मॉडेलांत ट्रिगरवर नुसतं कापड असतं. बाहेरून दाब आला तर तो थेट ट्रिगरवर पोचतो. कडक प्लास्टिकचं कवच शिवलेला पोटपट्टा असेल तर विचार करता येईल, बाकीचे नकोत. खिशात ठेवायचं असेल तर खिशाचं वेगळं होल्स्टर हवं आणि त्या खिशात किल्लीसुद्धा नको. पाठीवरच्या पिशवीत ठेवण्याची शिफारस आम्ही करत नाही. पिशवी खुर्चीला अडकवली जाते आणि विसरली जाते.

कपड्यांतला खरा धोका वेगळाच आहे, आणि तो दिसण्याचा नाही. जाकिटाच्या खालच्या कडेला नाडी आणि तिच्या टोकाला प्लास्टिकचा गोळा असतो. पिस्तूल परत होल्स्टरमध्ये घालताना हा गोळा ट्रिगर गार्डमध्ये शिरला तर ट्रिगर दाबला जातो. शर्टाचा चुरगळलेला कोपराही हेच करतो. अशा नाड्या घेतल्या दिवशी कापून टाकाव्यात. परत घालताना डाव्या हाताने कापड छातीपर्यंत वर, बोट ट्रिगरच्या बाहेर, पोटाजवळ होल्स्टर असेल तर कंबर पुढे करून वरचं अंग मागे, डोळे होल्स्टरच्या तोंडावर, आणि अगदी सावकाश. जरा अडलं की थांबायचं, बाहेर काढून बघायचं. पिस्तूल भराभर आत घालायला कुठलीच घाई नसते. घरात सकाळी चढवताना तर भरलेलं होल्स्टर तसंच पट्ट्यावर चढवावं, पिस्तूल वेगळं हाताळायचंच नाही.

चाचणी आरशासमोर उभं राहून पूर्ण होत नाही, कारण आरशासमोर सगळेच ताठ उभे राहतात. पिस्तूल रिकामं, गोळ्या दुसऱ्या खोलीत, आणि फोन कमरेच्या उंचीवर बाजूला ठेवून व्हिडिओ घ्यावा: खुर्चीत बसणं-उठणं, बुटाची नाडी बांधणं, गाडीचा सीटबेल्ट लावणं, वरच्या फळीवरून वस्तू काढणं. पिस्तूल कमरेच्या मागच्या बाजूला, चारच्या जागी असेल तर कंबरेतून वाकल्याबरोबर मूठ शर्टावर तंबूसारखी उभी राहते. तिथे वाकायचं ते गुडघ्यातून. पोटाजवळच्या जागेला हा त्रास कमी, पण बसल्यावर टोचण्याचा जास्त. त्याच व्हिडिओत हातही बघावा. खुर्चीतून उठल्यावर शर्ट खाली ओढणं, जिना चढताना कोपराने चाचपणं, या सवयी कपड्यांपेक्षा जास्त चुगली करतात. हात सारखा तिकडे जात असेल तर होल्स्टर नीट बसलेलं नाही: उंची, कल किंवा पाचर यांपैकी काहीतरी बदलायला हवं.

घामाचं एक सांगायचं राहिलं. आत बनियन असावं, होल्स्टरखाली दुमडणार नाही इतकं लांब. संध्याकाळी पिस्तूल पुसून बाहेरच्या धातूवर तेलाचं फडकं फिरवावं, आणि होल्स्टर कोमट साबणपाण्याने धुऊन पूर्ण सुकल्यावरच परत वापरावं. आत अडकलेली बारीक वाळू स्लाइडवर, म्हणजे पिस्तुलाच्या वरच्या सरकत्या भागावर, ओरखडे काढते.

खर्चाचा क्रम लावायचा तर आधी पट्टा, मग होल्स्टर, मग पाचर, आणि उरलेल्या पैशांत सरळ कडेचे दोन जाडसर शर्ट.