डायव्हिंगचे साहित्य मालवणात धुवावे की कोल्हापुरात?

मालवण-तारकर्लीहून परतणाऱ्या कोल्हापूरकर डायव्हरपुढे दोन पर्याय असतात: साहित्य किनाऱ्यावरच गोड्या पाण्याने धुणे, किंवा ओलेच गाडीत टाकून घरी निवांत धुणे.

किनाऱ्यावर धुण्याचा फायदा वेळेचा आहे, कारण खारे पाणी वाळले की मिठाचे कण रेग्युलेटरच्या (सिलिंडरमधली हवा श्वासासाठी तोंडापर्यंत पोहोचवणाऱ्या उपकरणाच्या) फटींत आणि झिपच्या दातांत घट्ट बसतात आणि फोंडा घाट चढून येण्यास लागणारा वेळ त्याला पुरेसा असतो. मात्र तिथे सर्वांना मिळून एकच पिंप असेल, तर दुपारपर्यंत त्यातले पाणीही खारटच झालेले असते.

घरी मोठ्या टबात कोमट पाण्यात साहित्य भिजत ठेवता येते. बीसीडीच्या (हवा भरून पाण्यात तरंगणे सांभाळणाऱ्या जाकिटाच्या) आत गोडे पाणी भरून, खळबळून, ते पूर्ण निथळू देण्याचे किचकट काम तर घरीच नीट होते. रेग्युलेटरचे पथ्य दोन्हीकडे एकच: फर्स्ट स्टेजची, म्हणजे सिलिंडरला जोडायच्या भागाची, टोपी कोरडी करून घट्ट बसवावी आणि तो सिलिंडरला जोडलेला नसताना पाण्यात पर्जचे (तोंडाकडील भागातून हवा सोडायचे) बटण दाबू नये, अन्यथा पाणी होजमधून (हवेच्या नळीतून) आत शिरते.

माझा कल विभागणीकडे आहे. रेग्युलेटर आणि डाइव्ह कॉम्प्युटर (पाण्यातली खोली व वेळ दाखवणारे उपकरण) मालवणातच नळाखाली धुवावेत. बीसीडी व वेटसूट (डायव्हिंगचा रबरी पोशाख) झाकणाच्या डब्यातून ओलेच आणावेत. वेटसूट रुंद हँगरवर सावलीत वाळवावा, आणि कोल्हापूरच्या पावसाळी दमटपणात तो पूर्ण सुकल्याशिवाय कपाटात मुळीच ठेवू नये, कारण बुरशी लगेच धरते.