कर्सरी की परफंक्टरी? केळीच्या तक्रारअर्जासाठी शब्द निवडताना

जळगाव जिल्ह्यातल्या रावेर-यावल पट्ट्यात वादळाने केळी आडवी झाली की 72 तासांत विमा कंपनीला कळवायचं आणि सर्व्हेअरची वाट पाहायची. तो बांधावरूनच दोन फोटो काढून गाडीला किक मारून गेला, तर तक्रार करणं आलंच. ती इंग्रजीत लिहायला घरातला शिकलेला पोरगा बसतो आणि अडतो: असल्या वरवरच्या पाहणीला म्हणायचं काय, कर्सरी, परफंक्टरी की सुपरफिशियल?

माझं मत कर्सरीला.

लॅटिनमधल्या ‘धावणे’ या क्रियापदातून हा शब्द आला. कॉम्प्युटरवरचा कर्सर त्याचाच भाऊबंद. आपली धावती भेट, धावती नजर, तसंच हे. घाई झाली, खोलात गेला नाही, एवढंच तो सांगतो. माणसाच्या हेतूवर बोट ठेवत नाही. म्हणून सिद्ध करायला सोपा. केळीच्या बागेत तर फारच. कडेला शेवरी नाहीतर गजराज गवताचा आडोसा, रस्त्यावरून सगळं हिरवंगार. चार ओळी आत शिरलं की दिसतं, निसवलेली, म्हणजे घड बाहेर पडलेली झाडं खोडातून मोडून घडासकट जमिनीवर. आत गेलाच नाही, हे लिहिलं की कर्सरी हा शब्द आपोआप शाबीत.

परफंक्टरी म्हणजे पाट्या टाकणं. इथे वेळेचा प्रश्नच नाही. तासभर थांबून, चहा पिऊन, फॉर्मचा प्रत्येक रकाना भरूनही पाहणी परफंक्टरी असू शकते, कारण मन कामात नव्हतं. ओठांपुरतं हसू, तोंडदेखली माफी यांना हा शब्द चपखल बसतो. पण अर्जात लिहिलात तर कंपनी विचारणार, मन नव्हतं हे कशावरून?

सुपरफिशियल, म्हणजे वरवरचं, मात्र जपून. ‘सुपरफिशियल इन्स्पेक्शन’ चालेल. चुकून ‘सुपरफिशियल डॅमेज’ लिहिलंत तर नुकसान किरकोळ असल्याची कबुली तुम्हीच दिलीत! स्लॅपडॅश, म्हणजे घाईत कसंतरी उरकलेलं, हा शब्द बोलण्यापुरता ठीक, अर्जात नको.

वापरताना एक सांभाळा. कर्सरी हे कामाचं विशेषण आहे, माणसाचं नाही. ‘कर्सरी सर्व्हेअर’ कानाला खटकतं. ‘कर्सरी इन्स्पेक्शन’ किंवा ‘इन अ कर्सरी मॅनर’ लिहा, आणि लगेच पुढच्या वाक्यात तो किती वाजता आला, किती वाजता गेला, कोणत्या गटातल्या किती ओळी पाहिल्या ते टाका. सोबत आतल्या ओळींचे, तारीख-वेळ उमटलेले फोटो जोडा.