वर्कहाऊसमधला पणजोबा: सेन्सस की रजिस्टर?
लंडनच्या वर्कहाऊसमध्ये (निराधार गरिबांना ठेवून काम करून घ्यायचे ते सरकारी आश्रयगृह) वाढलेला पणजोबा शोधायचाय तर बरेचजण आधी सेन्सस, म्हणजे जनगणना उघडतात, सोपं पडतं ना, नाव टाकलं की घरबसल्या सापडतं, पण तो दर 10 वर्षांनी (1881, मग थेट 1891), म्हणजे पोरगं 1882 ला आत गेलं नि 1889 ला बाहेर पडलं तर तिथे पत्ताच नाही. काही ठिकाणी तर नुसती आद्याक्षरं!

वर्कहाऊसच्या स्वतःच्या ॲडमिशन-डिस्चार्ज रजिस्टरचं, म्हणजे कोण कधी आत आलं-बाहेर गेलं त्या नोंदवहीचं, तसं नाही. तारीख, वय, कुठल्या पॅरिशचं (चर्चच्या हद्दीवरून ठरलेला स्थानिक विभाग), कधीकधी सोबत आलेली आई नि भावंडं एकाखाली एक. क्रीड रजिस्टरमध्ये (आत आलेल्यांचा धर्म-पंथ लिहायची वेगळी वही) धर्मासोबत नातेवाइकाचा पत्ताही मिळू शकतो. ते अक्षर वाचून डोळे फुटतात आणि बरीच रजिस्टरं टिकलेलीच नाहीत, पण लंडनची पुष्कळ आहेत. मी तरी सेन्सस फक्त युनियन (वर्कहाऊस चालवणारा पॅरिशांचा गट) कुठलं ते कळण्यापुरता बघेन.