विद्यापीठाच्या आरोग्य केंद्रातील वेदना-समुपदेशन सेवा: सहा भेटींनंतरचा अभिप्राय

कंबरदुखीला दीड वर्ष होऊन गेल्यावर, एम.ए.च्या दुसऱ्या वर्षात, मी आमच्या विद्यापीठाच्या आरोग्य केंद्रात दर बुधवारी दुपारी चालणाऱ्या या सेवेत नाव नोंदवले. (विद्यापीठाचे नाव मुद्दाम देत नाही, कारण तक्रारीही लिहायच्या आहेत.) त्याआधी तीन डॉक्टर झाले होते, एमआरआयमध्ये विशेष काही निघाले नव्हते आणि "रिपोर्ट नॉर्मल आहे, टेन्शन घेऊ नकोस" हे वाक्य इतक्यांदा ऐकले होते की आपले दुखणे खरे आहे की नाही, अशी शंका मलाच येऊ लागली होती.

पहिल्याच भेटीत फिजिओथेरपिस्ट आणि समुपदेशक दोघीही एकाच टेबलाशी बसल्या होत्या, आणि "मांडी घालून किती वेळ बसता येते?" या प्रश्नापाठोपाठ "पहाटे किती वाजता जाग येते?" हा प्रश्न आला. तीन महिन्यांहून जास्त टिकणाऱ्या वेदनेला दीर्घकालीन वेदना म्हणतात, आणि १ जानेवारी २०२२ पासून लागू झालेल्या आयसीडी-११ या आजारांच्या जागतिक वर्गीकरणात तिला स्वतंत्र स्थान आहे, हे मला तिथे कळले. दुखापत दिसत नसतानाही वेदना असू शकते, हे कोणीतरी सरळ शब्दांत सांगितल्यावर डोळ्यांत पाणी आले, ते मी शिंक आल्याचे भासवून पुसले.

त्यानंतर पीएचक्यू-९ ही नैराश्याची प्रश्नावली भरून घेतली. गेल्या दोन आठवड्यांविषयी नऊ प्रश्न, एकूण गुण ० ते २७. झोप, थकवा आणि एकाग्रता यांविषयीच्या प्रश्नांना कंबर धरलेल्या माणसाचे गुण आपोआप वाढतात, ही गोष्ट समुपदेशक बाईंनी स्वतःहून लक्षात घेतली आणि प्रत्येक उत्तरापाशी थांबून "हे कंबरेमुळे, की मनच लागत नाही म्हणून?" असे विचारले. काही उत्तरांपाशी मला दोन्ही कारणे सांगावी लागली. माझ्या मते या सेवेचा खरा कस या प्रश्नात दिसतो.

घरी भरायला एक नोंदवही दिली: वेळ, काम, वेदना ० ते १० आणि मनःस्थिती. तीन आठवड्यांच्या पानांवर दर गुरुवारी ७ आणि रविवारी ३ दिसू लागले. गुरुवारी लाकडी बाकावर तीन तासांचे सेमिनार असते, हे मला माहीत होते. पण त्याच्या तयारीसाठी आदल्या रात्री मी जेमतेम चार तास झोपते, हे वहीनेच दाखवले. बरे वाटले की दोन दिवसांचे काम एका दिवसात उरकायचे आणि मग तीन दिवस आडवे व्हायचे, ही माझी जुनी खोडही तिथेच पकडली गेली. त्यावर उपाय असा की दुखत असो वा नसो, २५ मिनिटांनी उठायचेच. चांगल्या दिवशी असे उठणे जिवावर येते, पण गुरुवारचा आकडा आता ५ वर आला आहे.

आता तक्रारी. कंबरदुखीच्या रुग्णांनी जिथे ताटकळायचे, तो बाक लोखंडी आहे. त्यावर बसले की शिपाईमामा दारातून "समुपदेशनवाले कोण?" असे खणखणीत आवाजात विचारतात, आणि वर्गातले कोणी जवळपास असेल तर उठावेसे वाटत नाही. परीक्षेच्या महिन्यात ही सेवा बंद असते, हे तर अनाकलनीय आहे. भिंतीवर टेलि-मानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक लावला आहे. तो रात्रंदिवस चालतो, पण कंबर फोनवरून तपासून मिळत नाही. परीक्षेत मध्येच उभे राहण्याची परवानगी मिळावी एवढ्या पत्रासाठी मला तीन आठवडे खेटे घालावे लागले. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातील २१ प्रकारांत दीर्घकालीन वेदना स्वतंत्रपणे येत नाही, त्यामुळे तासाला किमान २० मिनिटे जादा वेळेची तरतूद मला लागू होत नाही, हे परीक्षा विभागाने ठणकावून सांगितले. पण उभे राहण्याला जादा वेळ कुठे लागतो?

केसपेपरला दहा रुपये लागतात. जाणार असाल तर अर्धा तास आधी पोहोचा, वही आठवणीने न्या आणि बाकावर टाकायला उशी.