बाणेरचं एकट्याने बसायचं कॅफे, साडेतीन स्टार

नाव नाही घेत, पण बाणेरला एक कॅफे झालंय तिथे फक्त एकट्यासाठी टेबलं आहेत, दोन्ही बाजूंना लाकडी फळ्या, समोर भिंत आणि मोबाइल टेकवायला खाच. आयडिया मस्त, पण वेटरने तीनदा विचारलं, "अजून कोणी येणारे का?" अरे बाबा, कॅफे कोणासाठी काढलंय मग! वर शेजारच्या काकांनी फळीवरून डोकावून विचारलं, ते काय मागवलंत, केवढ्याला पडलं. मी पण सांगितलं.

गीर्ट हॉफस्टेड या डच संशोधकाने आयबीएमच्या कर्मचाऱ्यांच्या सर्व्हेवरून देशांना व्यक्तिवादाचे, म्हणजे माणसं गटापेक्षा स्वतःपुरतं किती बघतात याचे, मार्क दिले होते, अमेरिका ९१, आपण ४८ आणि दक्षिण कोरिया फक्त १८. आणि गंमत म्हणजे एकट्याने जेवायला 'होनबाप' असा खास शब्द त्याच कोरियात आहे, अमेरिकेत काउंटरवर एकटं बसून बर्गर खाल्ला तर त्याचं कोणाला काय पडलंय.

सँडविच छान, कॉफी कोमट, बिल जरा जास्तच. पेठेतल्या खानावळीत अनोळखी माणसासमोर बसून जेवताना तो निदान मीठ तरी सरकवतो, इथे त्यासाठी बेल दाबून पाच मिनिटं थांबलो. रविवारी जाऊ नका, एकेका टेबलावर चौघं बसलेली असतात.