स्टॉपवॉच की वर्क सॅम्पलिंग?
मशीन किती वेळ बंद राहतात हे शोधायला काय वापरावं, असा प्रश्न आलाय.

मेहनत: स्टॉपवॉच घेतलं की निरीक्षक एकाच कामापाशी अडकतो. सॅम्पलिंगमध्ये यादृच्छिक वेळी फेरी मारायची, दिसेल ते टिपायचं.

अचूकता: मशीन साधारण 30 टक्के वेळ बंद असेल, तर 95 टक्के खात्रीने ±5 टक्क्यांत (म्हणजे 25 ते 35 च्या आत) उत्तर मिळायला सुमारे 323 नोंदी लागतात. चूक निम्मी करायची तर चौपट! पण पार्ट उचलणं, बसवणं, क्लॅम्प आवळणं यातले सेकंद सॅम्पलिंगला दिसत नाहीत.

शिवाय घड्याळ समोर आलं की कामाचा वेग बदलतो. मग रेटिंगवरून, म्हणजे कामगाराचा वेग सामान्यपेक्षा किती कमी-जास्त होता या निरीक्षकाच्या अंदाजावरून, वाद.

छोट्या, पुन्हापुन्हा होणाऱ्या कामाचा प्रमाणवेळ (सामान्य वेगाने ते काम करायला किती वेळ लागावा) ठरवायला स्टॉपवॉच. देखभाल, स्टोअर किंवा तुमच्या बंद मशीनसाठी सॅम्पलिंगच. फेऱ्यांच्या वेळा तेवढ्या ठरलेल्या ठेवू नका.